हेडन इतकं कमी वाजवतो, तरी थोर कसा?

प्रश्न विचारणारे कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतात. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी अमेरिकी जॅझ बासवादक चार्ली हेडन आणि गिटारवादक पॅट मेथेनी यांचं 'बियाँड द मिझुरी स्काय' हे रेकॉर्डिंग ऐकलं. छान वाटलं, शांत वाटलं. पण बासवादक म्हणून हेडनला एवढं डोक्यावर का घेतात ते कळलं नाही. त्यांचं म्हणणं असं: 'तो आवर्तनात एखाददुसरा सूर वाजवतो, सोलोतसुद्धा खालच्या सप्तकातून फारसा बाहेर येत नाही. स्कॉट लफारोसारखा बासवादक किंवा आजची मुलं याच्या चौपट वाजवतात. मग याच्यात आहे काय? कोणती रेकॉर्डिंग्ज ऐकू? आणि तसा आवाज काढायचा तर काय करू?'

मी डबल बास, म्हणजे उभा धरून वाजवायचा मोठा लाकडी बास, वाजवतो आणि शिकवतो. हेडनचं वाद्यही तेच. माझे बरेच विद्यार्थी बास गिटारवरूनच इकडे येतात आणि हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी सांगा, ऐकलंत कशावर? फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर हेडन तुम्ही ऐकलेलाच नाही. डबल बासची सगळ्यांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास लागते. सगळ्यांत वरची मोकळी तारसुद्धा ९८ हर्ट्झला. फोनचा स्पीकर इतकं खालचं काही काढूच शकत नाही. उपस्वरांवरून मूळ सूर कोणता असेल ते मेंदू ताडतो, त्यामुळे धून कळते. सुराचं वजन मात्र कळत नाही. वेगात वाजवणाऱ्याचं यात फारसं नुकसान होत नाही, कारण त्याचे बरेच सूर वरच्या भागात असतात आणि बोटांची टकटक फोनवरही ऐकू येते. हेडनचा सगळा कारभार खालच्या मजल्यावर. बरे हेडफोन घ्या, नाहीतर मित्राच्या घरी मोठे स्पीकर असतील तर तिथे जा, आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावा.

पहिलंच 'वॉल्ट्झ फॉर रूथ' घ्या. तीन मात्रांचं आवर्तन आहे. बहुतेक वेळा हेडन समेवर एक सूर ठेवतो, आणि तुमची तक्रार नेमकी तिथेच आहे. तर एकदा गिटारकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि बासचा प्रत्येक सूर *कुठे संपतो* तेवढंच ऐका. एखादा सूर पुढच्या समेपर्यंत तरंगत राहतो. एखादा दुसऱ्या मात्रेनंतर अलगद उचलला जातो आणि तिथे पडलेल्या मोकळ्या जागेत मेथेनीची गिटार एकदम उजळते. आपण बासवाले सूर सुरू कधी करायचा याचाच विचार करतो. हेडन सूर सुरू केल्यावर त्याच्याबरोबर थांबतो, तो विरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवतो. माझ्या मते त्याच्या मोठेपणाचं मूळ इथे आहे. बाकी सगळं, म्हणजे त्याची कमी सुरांची निवड, लोकगीतासारखे सोलो, द्वंद्ववादनातली हुकमत, यातूनच येतं.

आता आवाजाचं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत डबल बासला सर्रास तातेच्या तारा असत. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेली तार. आपल्याकडे सारंगीला आजही तीच लागते. तातेची तार जाड असते, तिच्यावर ताण कमी असतो. छेडली की आधी एक भरीव 'धुम्' येतो आणि सूर लवकर विरतो. तेव्हा बासला ॲम्प्लिफायर नव्हता, त्यामुळे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) उंच ठेवायची, तार फिंगरबोर्डपासून चांगली वर राहू द्यायची आणि अख्ख्या हाताचं वजन घालून ती ओढायची, असा रिवाज होता. मग स्टीलच्या तारा आल्या, पाठोपाठ घोडीला लावायचे पिकअप, म्हणजे तारेची कंपनं थेट ॲम्प्लिफायरला पोचवणारे तुकडे, आले. सुराची आस, म्हणजे छेडल्यावर टिकणारा नाद, लांबली, तार खाली बसवता आली, बोटं पळायला लागली. बासवादन त्यानंतर कुठल्या कुठे गेलं हे खरंच. पण किंमतही मोजावी लागली. १९७०च्या दशकातली कितीतरी जॅझ रेकॉर्डिंग्ज अशी आहेत की त्यांतला बास लाकडाचा आहे की रबराचा अशी शंका यावी. पिकअपमधून थेट टेपवर गेलेला तो आवाज, त्यात वाद्याच्या पोटातली हवाच नाही.

हेडननं मधला रस्ता धरला. खालच्या दोन तारा स्टीलच्या, वरच्या दोन तातेच्या. म्हणजे खर्जातला आधार लांबवर टिकतो आणि वरच्या दोन तारांवर धून वाजवायची तर तिला तातेचा जरा खरखरीत, माणसासारखा कंठ मिळतो. त्याचं वाद्यही तोलामोलाचं होतं. पॅरिसचा एकोणिसाव्या शतकातला कारागीर जाँ-बाप्तिस्त व्हियोम याच्या हातचं. (स्ट्राडिव्हेरियस व्हायोलिनच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यात व्हियोमचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं 'ऑक्टोबास' नावाचं साडेतीन मीटर उंचीचं एक अजस्र वाद्यही करून पाहिलं. वाजवणाऱ्याला ते चौथऱ्यावर चढून, तरफा दाबून वाजवावं लागे.) पण व्हियोम आणि तात हातात आली म्हणून कुणी हेडन होत नाही. १९५९ची त्याची रेकॉर्डिंग्ज ऐका, १९७०च्या दशकातली ऐका, २००७ची ऐका. ध्वनिमुद्रणाचं तंत्र बदललं, स्टुडिओ बदलले, तरी दोन सुरांत माणूस ओळखू येतो.

हा कंठ आला कुठून, हे समजायला त्याचं लहानपण थोडं माहीत हवं. जन्म ६ ऑगस्ट १९३७, आयोवा राज्यातलं शेनान्डोआ गाव. घरचा कंट्री संगीताचा फड होता, 'हेडन फॅमिली' या नावानं रेडिओवर गाणारा, आणि हा दोन वर्षांचा व्हायच्या आतच 'काउबॉय चार्ली' म्हणून त्यात गाऊ लागला. पुढे कुटुंब मिझुरीत आलं. पंधराव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. तो पायांवर गेला नाही, घशाच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंवर गेला. गाणं थांबलं. थोरला भाऊ जिम बास वाजवायचा, तो बास चार्लीनं धरला. त्याआधी चौदाव्या वर्षी ओमाहाला एका मैफलीत त्यानं जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला ऐकलेलं होतं, त्यामुळे जॅझचं वेड डोक्यात होतंच. १९५७ साली तो लॉस एंजेलिसला पोचला.

घरच्या त्या गाण्यात एक गायचा आणि बाकीचे त्याच्या वर-खाली आपले सूर लावायचे. त्यात जो खालचा आवाज लावतो, त्याला स्वतःचं काही सिद्ध करायचं नसतं. वरच्याचं गाणं शोभलं पाहिजे एवढंच बघायचं असतं. हेडननं बासवर आयुष्यभर हेच केलं. पण ही खुबी त्यानं वापरली कुठे? तर त्या काळातल्या सगळ्यांत बंडखोर संगीतात.

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चौकडीत, म्हणजे चार वादकांच्या गटात, हेडन वाजवायचा. त्या चौकडीत पियानो नव्हता. एरवी जॅझमध्ये पियानो स्वरसंघांची (कॉर्ड्सची) चौकट आखून देतो आणि बासवादक त्या चौकटीतले सूर घेत चालतो. किती मात्रांनंतर काय येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोलमन सोलो घेताना ही चौकटच पाळायचा नाही. वाटेल तेव्हा वेगळ्या स्वरावर जाऊन तिथे घर करायचा, वाक्य हवं तितकं लांबवायचा. अशा वेळी बासवादकापुढे दोनच रस्ते: एकतर आपला ठरलेला रस्ता धरून चालत राहायचं आणि कोलमनला वाऱ्यावर सोडायचं, नाहीतर क्षणोक्षणी त्याचं ऐकून त्याच्या पायाखाली जमीन घालत जायचं. हेडननं दुसरं केलं. त्यासाठी बोटांचा वेग लागत नाही, कान लागतो. मी तर म्हणेन की तिथे वेग आड आला असता. दर अर्ध्या मात्रेला सूर टाकणाऱ्याला समोरच्याचं ऐकायला सवड कुठून मिळणार?

'लोनली वुमन' ऐका. २२ मे १९५९, हॉलिवूड, 'द शेप ऑफ जॅझ टु कम' या संचातली पहिली रचना. सुरुवातीला फक्त बास आणि ड्रम. बिली हिगिन्स झांजेवर वेगवान लय धरतो, आणि त्याच वेळी हेडन दोन-दोन तारा एकत्र छेडत अतिशय संथ चालतो. एक तार एकाच सुरावर गुणगुणत राहते आणि दुसरीवर धून हलते. आपल्या कानांना ही तंबोऱ्याची जातकुळी लगेच ओळखू येते. फरक एवढा की तंबोरा गायकाला टेकू देऊन बाजूला बसतो, आणि इथे टेकू देणाराच अर्धं गाणं गातो. मग सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा छोटा ट्रंपेट विलापासारखी धून घेऊन येतात. ते ना झांजेच्या लयीत असतात ना बासच्या, दोन्हींच्या वरून तरंगत असतात. तीन वेगवेगळ्या चाली एकाच वेळी, आणि तरी गाणं फुटत नाही. का फुटत नाही, याचं उत्तर बासमध्ये आहे. बास मनातल्या मनात वजा करून बघा, खाली काही उरत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुद्रित झालेलं 'रॅम्ब्लिन' अगदी दुसऱ्या टोकाचं, खट्याळ. त्यातला हेडनचा सोलो म्हणजे सरळ सरळ मिझुरीच्या ओसरीवरचं गाणं. बासच्या तारा तो गिटारसारख्या झणकारतो आणि मधूनच 'ओल्ड जो क्लार्क' या जुन्या लोकगीताची चाल डोकावते. अत्याधुनिक म्हणवणाऱ्या संगीतात खेड्यातलं गाणं घुसवायला हिंमत लागते. गंमत म्हणजे या सोलोतली एक ओळ इंग्लंडच्या इयन ड्युरी या रॉक गायकाला इतकी आवडली की १९७७च्या त्याच्या 'सेक्स अँड ड्रग्ज अँड रॉक अँड रोल' या प्रसिद्ध गाण्याचा तोच कणा झाला. चौपट वाजवणाऱ्यांच्या किती सोलोंवर लोकांनी गाणी बांधली, विचार करा.

आता लफारोचं. तुम्ही दोघांची तुलना केलीत, तर तिच्यासाठी एक तयार प्रयोगशाळाच आहे. २१ डिसेंबर १९६० रोजी कोलमननं 'फ्री जॅझ' नावाचं साधारण ३७ मिनिटांचं सलग मुद्रण केलं. दोन चौकड्या एकाच वेळी वाजताहेत. एक डाव्या स्पीकरमध्ये, एक उजव्या. डावीकडे लफारो, उजवीकडे हेडन. हेडफोन लावा आणि एकेक कान झाकून बघा. लफारो वर जातो, सूर शिंपडतो, मध्येच थांबून टोमणा मारतो. हेडन खाली राहून एकच दिशा धरून चालतो. शेवटच्या भागात दोघांचं एकमेकांशी वादन आहे, ते दोन-तीनदा ऐका. तिथे कोण मोठा हा प्रश्नच गैरलागू वाटायला लागतो. दोघे जिवलग मित्र, काही काळ एकाच घरात राहणारे. जुलै १९६१ मध्ये लफारो मोटार अपघातात गेला, वय २५. त्याच्या वाटेनं नंतर शेकडो बासवादक गेले आणि जाताहेत, कारण ती वाट सरावानं चालता येते. हेडनच्या वाटेवर गर्दी नाही. स्वरांची ठिकाणं कुणालाही उतरवून घेता येतील. पण ते वाजवलं की आपला स्वतःचा आवाज उघडा पडतो. झाकायला दुसरं काही नसतं.

मैफलींबद्दल लिहायला हवं. हेडनला मी समोर बसून कधी ऐकलेलं नाही, जे म्हणतोय ते मुद्रणांवरून आणि चित्रफितींवरून. बघण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे त्याची उभी राहण्याची ढब. तो वाद्याभोवती वाकून, जवळपास त्याला लपेटून उभा राहतो, डोळे मिटलेले, कान बासच्या मानेपाशी. नोव्हेंबर १९५९ मध्ये कोलमनची चौकडी न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात आली तेव्हा शहरातले सगळे दिग्गज परीक्षकाच्या थाटात येऊन बसत. हेडन सांगायचा की एकदा डोळे उघडले तर समोर प्रख्यात वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन बासच्या भोकाला कान लावून उभा! पुढच्या काळात त्याला कानात सतत गुणगुण होण्याचा आणि मोठा आवाज सहन न होण्याचा त्रास जडला. कानात बोळे घालून आणि ड्रमच्या बाजूला पारदर्शक पडदा उभारून तो वाजवायचा. ज्याची सगळी कला ऐकण्यावर उभी त्याच्या नशिबी हे यावं!

मैफल म्हणजे फक्त संगीत असं त्यानं कधी मानलं नाही. १९६९ मध्ये कार्ला ब्लेच्या संगीतरचनेसह त्यानं 'लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा' हा वाद्यवृंद काढला, त्याच्या पहिल्या संचात स्पेनच्या यादवीतली गाणी आणि 'साँग फॉर चे' आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये पोर्तुगालच्या कास्काइस गावी कोलमनबरोबर वाजवताना त्यानं हीच रचना मोझांबिक, अंगोला आणि गिनी इथल्या मुक्तिलढ्यांना अर्पण करत असल्याचं मंचावरून जाहीर केलं. पोर्तुगालात तेव्हा हुकूमशाही होती आणि या तिन्ही वसाहतींत युद्ध चालू होतं. श्रोत्यांतल्या तरुणांनी सभागृह डोक्यावर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी लिस्बनच्या विमानतळावर गुप्त पोलिसांनी हेडनला उचललं. अमेरिकी दूतावासानं मध्ये पडून सोडवलं. याच राजवटीच्या हातून गोवा सुटून तेव्हा दहाच वर्षं झाली होती, त्यामुळे गोव्यातल्या वाचकांना त्या पोलिसांची ओळख करून द्यायला नको. हे इथे सांगण्याचं कारण एवढंच की हेडनचा संथपणा म्हणजे मवाळपणा नव्हे.

मैफलीतला हेडन ऐकायचा तर मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते 'मॉन्ट्रियल टेप्स'नी. १९८९च्या मॉन्ट्रियल जॅझ महोत्सवात त्याला सलग आठ रात्री दिल्या होत्या, रोज नवे साथीदार. एका रात्री सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन आणि ड्रमर अल फॉस्टर, एका रात्री पियानोवादक जेरी ॲलन आणि ड्रमर पॉल मोशन, एका रात्री डॉन चेरी आणि ड्रमर एड ब्लॅकवेल, एका रात्री कोवळा पियानोवादक गोन्झालो रुबाल्काबा. बासवादक तोच, ढंग तोच, आणि तरी प्रत्येक रात्रीचं गाणं वेगळं. हेंडरसनसमोर तो खरोखर रेटून चालतो. जे म्हणतात की त्याला मात्रेमात्रेला सूर टाकत जोरात चालता येत नाही, त्यांनी ही रात्र ऐकावी. पॉल मोशनबरोबर मात्र दोघेही इतकं सोडून देतात की लय कुणाकडे आहे ते सांगता येत नाही, आणि ती कुठेच हरवत नाही.

द्वंद्ववादन हा त्याचा खास प्रांत. १९७६चं 'क्लोजनेस' मिळवा. त्यात चार वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर एकेक रचना आहे, अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या हार्पसह. पियानोवादक हँक जोन्सबरोबरचं 'स्टील अवे' (१९९५) हे चर्चमधल्या भजनांचं आणि जुन्या आध्यात्मिक गाण्यांचं. यात दोघेही जवळजवळ काहीच 'करत' नाहीत, आणि मी ते वर्षानुवर्षं ऐकतो आहे. पियानोवादक केनी बॅरनबरोबरचं 'नाइट अँड द सिटी' न्यूयॉर्कच्या क्लबात १९९६ मध्ये मुद्रित झालेलं. अधूनमधून पेल्यांचा आवाज येतो आणि तोही बरा वाटतो. आणि 'जॅस्मिन'. पियानोवादक कीथ जॅरेटबरोबर हेडननं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७६ पर्यंत वाजवलं, मग तीसेक वर्षं दोघे एकत्र आले नाहीत. २००७ मध्ये एका माहितीपटाच्या निमित्तानं पुन्हा भेट झाली आणि जॅरेटच्या घरच्या छोट्या स्टुडिओत जुनी प्रेमगीतं मुद्रित झाली. खोली कोरडी, घुमारा जवळजवळ नाही, त्यामुळे बासवर बोट सरकल्याचा आवाजही येतो. सुराचा शेवट ऐकण्याचा अभ्यास करायचा तर याहून चांगलं मुद्रण मला माहीत नाही.

सगळंच डोक्यावर घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. त्याची 'क्वार्टेट वेस्ट' ही चौकडी जुन्या हॉलिवूडच्या आठवणीत रमलेली. 'हाँटेड हार्ट' (मुद्रण १९९१) मध्ये तर रचनेच्या शेवटी जुन्या गायिकांची मूळ मुद्रणं जोडली आहेत. कल्पना मोहक आहे, पण मला ते गोड मिट्ट होतं. एकावेळी अर्ध्याहून जास्त ऐकवत नाही. 'नॉक्टर्न' (२००१) या बोलेरोंच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या संथ प्रेमगीतांच्या, संचाला ग्रॅमी मिळालं, आणि त्यातही एकाच संथ चालीचा कंटाळा येऊ शकतो. उत्तरायुष्यात त्याची गती फार पालटत नव्हती. पण त्याच 'क्वार्टेट वेस्ट'च्या १९८७च्या पहिल्या संचात 'टेनी काउंटी' नावाचं एकट्या बासचं वादन आहे, ते चुकवू नका. मिझुरीतल्या आपल्या मुलखाचं नाव देऊन त्यानं घरची गाणी वाजवली आहेत.

तसा आवाज काढायचा तर काय करायचं? तारा विकत घेण्यापासून सुरुवात करू नका. माझ्याकडे येणारे हमखास तिथूनच सुरुवात करतात. मुंबईच्या पावसाळ्यात तात पाणी पिऊन फुगते आणि दोन गाण्यांमध्ये उतरते. वाद्याचे सांधेसुद्धा या हवेत सुटतात, तारांचं काय घेऊन बसलात. आधी हात तयार करा.

पहिलं काम डाव्या हाताचं. सूर वाजतोय तोवर बोट पूर्ण वजनानं दाबलेलं राहिलं पाहिजे. बहुतेकांचं बोट पुढच्या सुराच्या घाईत आधीच सैल होतं आणि आस अर्ध्यावर मरते. तंबोऱ्याचं ॲप लावा, षड्ज धरा, आणि एकेक सूर चार मात्रा वाजवा. चौथ्या मात्रेच्या शेवटी तो *तुम्ही* संपवला पाहिजे, आपोआप संपता कामा नये. कंटाळवाणं आहे, मान्य. पण मंद्रात बेसूर किती वाजतं ते इथेच कळतं. खालच्या सुरांत थोडं उतरलेलं कानाला चटकन खुपत नाही, वर मात्र सगळा बँड बेसूर वाटायला लागतो आणि लोक गायकाला नावं ठेवतात.

उजव्या हाताचं सांगायचं तर डबल बासवर तार बोटाच्या टोकानं टोचायची नसते. तर्जनी तारेला समांतर आडवी ठेवून, तिच्या कडेनं तार ओढायची. जितकं जास्त मांस लागेल तितका आवाज भरीव. फिंगरबोर्डच्या टोकाशी छेडली तर स्पष्टपणा येतो, मानेकडे सरकलं तर गोलाई. ॲम्प बंद करून खोलीभर आवाज पोचतो का बघा. तो पोचत नसेल तर ॲम्प फक्त तुमचा पोकळ आवाज मोठा करून देईल.

मग एक गाणं घ्या, तुमच्या घरातलं. ओवी चालेल, अभंग चालेल, आजीनं म्हटलेलं काहीही चालेल. आधी तोंडानं म्हणा. जिथे श्वास घेतला तिथे खूण करा. आता तेच खालच्या दोन तारांवर वाजवा आणि त्या खुणांवर खरोखर थांबा. हेडनच्या सोलोंमध्ये श्वास ऐकू येतो तो असा. घसा गेल्यावरही तो मनात गातच होता. १९९९च्या 'द आर्ट ऑफ द साँग'च्या शेवटी आणि २००८च्या 'रॅम्ब्लिंग बॉय'वर तो प्रत्यक्ष गायलाही आहे. आवाज चिरका, कापरा. बासवरच्या त्याच्या वाक्यांशेजारी ठेवून ऐका, थांबण्याच्या जागा जुळतात.

प्रत्यक्ष डबल बास ऐकायची संधी मात्र सोडू नका, कारण मुद्रण कितीही चांगलं असलं तरी जमिनीतून पायाला जाणवणारा खर्ज त्यात येत नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझच्या मैफली होतात, आणि 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया'चे कार्यक्रम असतील तर उजव्या बाजूला उभ्या असणाऱ्या बासच्या रांगेजवळचं तिकीट काढा. तसा हा आवाज आपल्याला अगदीच परका नाही. १९५०-६०च्या हिंदी चित्रपटगीतांतला लाकडी बास मुंबईच्या स्टुडिओत वाजला, आणि त्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा भरणा होता. तबल्याबरोबर जॅझचा बास कसा बसतो ते ऐकायचं तर झाकीर हुसेन आणि ख्रिस पॉटर यांच्यासोबत डेव्ह हॉलंडनं वाजवलेलं 'गुड होप' (२०१९) आहे. हॉलंड हेडनपेक्षा फार वेगळा, जास्त चपळ, पण सुराचा शेवट त्यालाही कळतो.

राहिला तुमच्या बास गिटारचा प्रश्न. लाकडी पेटीचा घुमारा तिच्यात येणार नाही, त्याच्या मागे लागू नका. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा लावून, पिकअपचा ट्रेबल उतरवून थोडी जवळीक साधता येते, तेवढ्यावर समाधान माना. सुराची लांबी, सुराची निवड आणि समोरच्याचं ऐकणं या तीन गोष्टींना मात्र वाद्य आड येत नाही. बँडच्या पुढच्या तालमीत एक गाणं असं वाजवा की तुमचे सूर नेहमीच्या निम्मे असतील, आणि ते मुद्रित करून ठेवा. ड्रमर कुरकुर करेल. करू द्या.